अभिमन हवालदारांचा काटा

परवा मेहरूणच्या तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळीत विषय निघाला. कुठल्याशा तुरुंगात मारामारी झाली, दोन माणसं मेली, अशी पेपरात बातमी होती. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "गुन्हेगारच ते. मारामारी करणार नाहीत तर काय भजनं म्हणणार?" सगळे हसले. मला असा संताप आला की मी अर्ध्या वाटेतूनच घरी परतलो.

मी बावीस वर्षं तुरुंगात काढली आहेत. दचकू नका, कारकून म्हणून काढली. तुरुंगात मारामारी का होते हे मला ठाऊक आहे, कारण एका माणसाने मला ते समजावून सांगितलं होतं. ती कशी थांबवायची हेही सांगितलं होतं, आणि मी ते चार वेळा सुवाच्य अक्षरात लिहून वर पाठवलं होतं. त्याचं काय झालं ते सांगतो.

त्या माणसाचं नाव अभिमन हवालदार. तुरुंगाचं नाव लिहीत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या मधला एक लहान तुरुंग, एवढं पुरे. अभिमन हवालदार नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. उंचीने बेताचे, पोट थोडं सुटलेलं, पट्टा कायम खाली घसरलेला. साहेब लोकांना वाटायचं, हा माणूस तुरुंगात शोभत नाही. त्यांच्या हातात दंडा असा नसायचाच. दंडा कोठीत खुंटीला टांगलेला असायचा आणि त्याच खुंटीला त्यांची जेवणाची पिशवी. कैदी त्यांना नाना म्हणत आणि अरे-तुरे करत. आमच्याकडे अहिराणीत बापालाही तू म्हणतात आणि देवालाही, त्यात कोणाचा अपमान होत नाही. नानांना तर 'अहो हवालदार' म्हटलं की ते मागे वळून बघायचे, कोणाला हाक मारली म्हणून.

त्यांचे वडील नरडाण्याकडच्या एका जिनात तोलाईचं काम करत. कपाशीच्या गाड्या यायच्या, माल काट्यावर तोलायचा, चिठ्ठी द्यायची. काटा होता आतल्या शेडमध्ये, आणि शेतकरी उभे बाहेर उन्हात. हंगामात रोज भांडण, रोज कोणाचं ना कोणाचं डोकं फुटलेलं. एका वर्षी शेडचे पत्रे बदलायला काढले म्हणून काटा बाहेर निंबाखाली आणून टांगला. त्या हंगामात एक भांडण झालं नाही. पुढच्या वर्षी पत्रे बसले, काटा आत गेला, आणि डोकी पुन्हा फुटायला लागली. नाना ही गोष्ट मला इतक्या वेळा सांगत की मी वैतागून म्हणायचो, "नाना, पत्रे बसले, पुढे बोला." पण त्यातली खरी गोम ते शेवटी सांगायचे. ते म्हणायचे, "भाऊसाहेब, मना बाप आत बी खरंच तोले नी बाहेर बी खरंच तोले. बाहेर दिसे, इतलाच फरक."

तुरुंगात आल्यावर या माणसाने वीस वर्षं दुसरं काहीच केलं नाही, भांडणं कधी होतात ते बघत राहिला. नोंद वहीत नाही, डोक्यात. मग एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "दोनच भांडनं शेत बठ्ठी. एक पोटनं, एक तारीखनं." म्हणजे सगळी मिळून भांडणं दोनच, एक पोटाचं आणि एक तारखेचं.

तारखेचं भांडण असं, की कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा खटला अजून चालायचा आहे तो, सकाळी उठून अंघोळ करून, बाहेरचे कपडे घालून तयार बसतो. आज कोर्टात तारीख. पोलिसांची गाडी आली तर जायचं. गाडी येत नाही. अकरा वाजतात, बारा वाजतात, कोणी काही सांगत नाही. संध्याकाळी तो माणूस पाणी सांडल्याच्या निमित्ताने शेजाऱ्याच्या नरडीला धरतो, आणि आम्ही कागदावर लिहितो की पाण्यावरून हाणामारी. यावर नानांनी कोणाची परवानगी विचारली नाही. रोज सकाळी फाटकावर जाऊन गाडी येणार की नाही ते विचारायचं, आणि नसेल तर स्वतः बराकीत जाऊन एकेकाला सांगायचं, "आज गाडी नही. कपडा काढी ठेव, शिव्या द्यायच्या त्या माले दे." लोक मनसोक्त शिव्या द्यायचे. नाना उकिडवे बसून ऐकून घ्यायचे. दोन वर्षांत तारखेवरून एकही मारामारी झाली नाही. कागदावर याची कुठेच नोंद नाही, कारण न झालेल्या मारामारीचा रकाना आमच्या रजिस्टरात नव्हता.

पोटाचं भांडण मात्र नानांच्या हातातलं नव्हतं. तुरुंगातल्या स्वयंपाकघराला भिशी म्हणतात. आमच्या भिशीचा मुकादम होता भिकन, जन्मठेपेचा कैदी, रेड्यासारखा माणूस. भाकऱ्या त्याच्या हाताखाली व्हायच्या. त्याच्या माणसांना जाड भाकरी, बाकीच्यांना पापड. वाचलेल्या पिठाच्या भाकऱ्या तो बिड्यांवर विकायचा. हे शिपायाला माहीत, जेलरला माहीत, मला माहीत. पण भिकनला हात लावायचा नाही, कारण बराकीत गडबड झाली की भिकन आणि त्याची चार माणसं दंडे घेऊन ती मिटवायची. म्हणजे ज्याच्यामुळे भांडणं व्हायची, त्यालाच आम्ही भांडणं मिटवायला ठेवलं होतं. सरकारला हा बंदोबस्त फुकटात पडत होता.

नानांचं मागणं साधं होतं. भिशीच्या दारात काटा टांगा. ज्याला शंका असेल त्याने आपली भाकर सगळ्यांसमोर तोलून घ्यावी. नियमात तर कैद्याला तो हक्क होताच, फक्त काटा कोठीत कुलुपात होता.

पहिला अर्ज मी लिहिला, त्याला सहा महिने उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की लोखंडी वजनांचा कैदी हत्यार म्हणून वापर करू शकतात, सबब सुरक्षेच्या दृष्टीने मान्य करता येत नाही. नाना घरी गेले, बायकोला, मंजुळाबाईला, मांजरपाटाची पिशवी शिवायला लावली, तिच्यात नियमाच्या एका भाकरीच्या वजनाइतकी पांझरा नदीची वाळू भरली आणि ती घेऊन आले. "आते याना हत्यार कोन करी?" मी तिसरा अर्ज लिहिला. उत्तर आलं की वाळूच्या वजनावर वजनमापे खात्याचा शिक्का नसल्याने ते वापरणं कायद्याने गुन्हा ठरेल. मी हसून लोटपोट झालो. नाना हसले नाहीत. वाळूची पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "लिखा भाऊसाहेब, चौथा."

चौथा अर्ज गेला बहात्तरच्या उन्हाळ्यानंतर. दुष्काळाचं वर्ष. साठ माणसांच्या जागेत एकशे नव्वद माणसं कोंबलेली. धान्य चोरणारे, दुष्काळी कामावर मुकादमाशी भांडलेले, नुसते संशयावरून उचललेले. भाकर लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, ती मुळात तुटायची, त्यात भिकनची करामत.

याच गर्दीत वना होता. शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. दुष्काळी कामाच्या गोदामातून मिलोचं अर्धं पोतं उचललं, एवढा गुन्हा. शाबीत झाला असता तर दोन-तीन महिने मिळाले असते. खटला उभाच राहिला नाही, म्हणून तो आठ महिने आत. बायको बेबाबाई तान्हं पोर पाठीशी बांधून खडी फोडत होती. वना मुका नव्हता, पण बोलायचा फार कमी. बोलला तर अहिराणीच. दुसरं त्याला येत नव्हतं.

तुरुंग इतका भरला तेव्हा वरून हुकूम आला. दंडाधिकारी साहेब गुरुवारी स्वतः येतील, किरकोळ गुन्ह्यातले, बरेच महिने आत असलेले, चांगल्या वर्तणुकीचे कच्चे कैदी जातमुचलक्यावर सोडतील. तशी यादी करा. मी यादी केली. वनाचं नाव अकरावं. वर्तणुकीच्या रकान्यात मी 'चांगली' लिहिलं. नानांनी बेबाबाईला निरोप धाडला की गुरुवारी ये, घेऊन जा.

मधल्या सोमवारी नाना वनाजवळ बसले होते. वनाच्या वाट्याला सलग तीन दिवस कोरभर भाकर आली होती आणि त्याच्या नाकपुड्या फुलायला लागल्या होत्या. नानांना ती खूण ओळखीची होती. त्यांनी त्याला समजावलं, "वना, गुरुवारले तू घर जाई राहिना. भिकनसंगे एक शब्द बोलू नको. साहेब फेरीवर उना का भाकर हातमा ले, नी त्याले दखाड. बस, इतलंच कर." वनाने मान हलवली.

जेलरसाहेब नवे होते. तीन महिन्यांपूर्वी पुण्याकडून बदलून आलेले. वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण घाबरलेला होता. एकशे नव्वद माणसं आपल्याविषयी काहीतरी बोलतात आणि ते आपल्याला कळत नाही, ही भीती त्यांच्या चालण्यात दिसायची. रांगेसमोरून ते इतक्या झपाट्याने जायचे की फेरी म्हणावी की पळ, असा प्रश्न पडावा. त्यांना कोणी 'तू' म्हटलं की कानशिलं लाल व्हायची. नानांनी त्यांना एकदा समजावलं होतं की आमच्याकडे असंच बोलतात. ते म्हणाले, "तुमच्याकडे बोलत असतील, तुरुंगात चालणार नाही."

मंगळवारी संध्याकाळी पाचला जेवण वाटलं. कैदी जोडी-जोडीने रांगेत बसलेले. नाना तेव्हा फाटकावर कोर्टातून परतलेल्यांची झडती घेत होते. साहेब आले आणि वनाच्या पुढून निघूनही गेले. वना उठून उभा राहिला, जे रांगेत करायचं नसतं. भाकरीचा हात वर करून तो साहेबांच्या मागे दोन पावलं गेला आणि ओरडला, "ये साहेब, थांब! आठे ये, तुले दखाडसू मी!"

ऐकणाऱ्या प्रत्येक खानदेशी माणसाला कळलं की हा म्हणतोय, साहेब, इकडे या, तुम्हाला ही भाकर दाखवतो. साहेबांनी वळून पाहिलं तेव्हा त्यांना दिसला अंगावर आलेला माणूस, उगारलेला हात, आणि ऐकू आलं, तुला दाखवतो.

साहेब किंचाळले. भिकनला तेवढंच हवं होतं, त्याने मागून दंडा घातला. वना पडला, आणि आठ महिन्यांचं जे सगळ्यांच्या पोटात साठलं होतं ते एकदम बाहेर आलं. थाळ्या उडाल्या, भिशीतली जळती लाकडं बाहेर आली. पगली घंटा वाजली, म्हणजे आमची धोक्याची घंटा. नाना फाटकावरून पळत आले आणि वनावर आडवे पडले, दंडे त्यांच्याही पाठीवर बसले. अर्ध्या तासाने बाहेरचे पोलीस आले तेव्हा सतरा माणसं दवाखान्यात न्यावी लागली. एका शिपायाचं डोकं फुटलं होतं. वनाचा उजवा हात मनगटात मोडला होता.

साहेब ऑफिसात आले ते थेट माझ्या टेबलाशी. म्हणाले, "लिहा. शब्दशः लिहा, एक अक्षर इकडचं तिकडे नको. तो म्हणाला, ये साहेब, इकडे ये, तुला दाखवतो. आणि हात उगारून अंगावर आला." मी लिहिलं. माझ्या आईची भाषा अहिराणी. मला ते लिहितानाच कळलं होतं, खोटं कशाला बोलू? पण 'दखाडसू' म्हणजे 'दाखवतो', यात अक्षराचीही चूक नव्हती. मी स्वतःला तेच सांगितलं आणि खाली साहेबांची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी पाठीला मलमाची पट्टी लावून नाना माझ्या टेबलाशी आले. "भाऊसाहेब, काय लिखं तुम्ही?"

"जे तो बोलला तेच."

"ते तुम्ही मराठीमा लिखं. तो अहिराणीमा बोलना."

मी म्हटलं, "नाना, सरकारी कागद मराठीतच असतो." या उत्तराची मला आज इतकी लाज वाटते की ते इथे लिहावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. नानांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि सोडली. "त्यानी धमकी नही दिनी. त्यानी भाकर दखाडी. मी सांगं म्हनीसन दखाडी," असं म्हणून ते गेले.

गुरुवारी दंडाधिकारी आले. आवारात टेबल मांडलं. यादीत वनाच्या नावावर तांबडी रेघ होती. एकेक माणूस सुटत गेला. शेवटचं नाव झालं तसे नाना रांगेतून पुढे आले, सलाम ठोकला आणि म्हणाले, "साहेब, अकरावं नाव खोडलंय ते चुकीनं खोडलंय." मग त्यांनी त्यांना जमेल तशा सरकारी मराठीत सगळं सांगितलं. भाकर, काटा, 'दखाडसू'. जेलरसाहेब मधेच बोलायला गेले तर दंडाधिकाऱ्यांनी त्यांना थांबवलं. म्हातारा माणूस होता, शांत होता, ऐकून घेत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कारकून, तुम्ही इथलेच ना? या शब्दाचा अर्थ काय?"

जेलरसाहेब माझ्या डाव्या बाजूला उभे होते. माझी आई जळगावला अंथरुणाला खिळली होती आणि माझा जळगावला बदलीचा अर्ज त्यांच्या शिफारशीसाठी त्यांच्या टेबलावर होता. नाना माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जराही काळजी नव्हती. त्यांना खात्री होती.

मी म्हणालो, "दखाडसू म्हणजे दाखवतो, साहेब."

"एवढंच?"

"होय साहेब."

दंडाधिकाऱ्यांनी मान हलवली आणि फाईल मिटली.

फाटकाबाहेर बेबाबाई नवऱ्यासाठी धुतलेला सदरा घेऊन बसली होती. तिला सांगायला नानाच गेले, मी खिडकीतून ऐकत होतो. ती उभी राहून म्हणाली, "असा काय बोलना तो?" नानांनी तिला वनाचे शब्द सांगितले. तिला काही उलगडेना. "मंग? दखाडी ना त्यानी भाकर?"

वनाचं अर्धं पोतं मागे पडलं. दंगा आणि सरकारी माणसावर हल्ला, या नव्या गुन्ह्यात त्याला अडीच वर्षं लागली आणि त्याला दूरच्या मोठ्या तुरुंगात नेलं. नानांनी आगाऊपणा करून वरिष्ठांसमोर तोंड उघडलं म्हणून त्यांना हवालदाराचे शिपाई केलं. वर्षभराने ते नोकरी सोडून गावी गेले. चौकशी समिती आली, दोन दिवस राहिली, कोंबडी खाऊन गेली. तिने शिफारस केली की भिंत तीन फूट वाढवावी, शिट्ट्या घ्याव्या, आणि चोवीस नवे दंडे. तिन्ही गोष्टी सहा महिन्यांत मंजूर झाल्या. दंगलीनंतर आठ दिवसांनी आमच्या चौथ्या अर्जाचं उत्तर आलं. सदर तुरुंगात शांतता असल्याने काट्याची आवश्यकता दिसत नाही. पुढच्या दोन वर्षांत तिथे आणखी दोन दंगली झाल्या, एकीत एक माणूस मेला. मी तिथे नव्हतो. माझी जळगावला बदली झाली होती.

मागच्या वर्षी, अठ्ठ्याहत्तरात, मी एकदाचा नरडाण्याला उतरलो आणि विचारत विचारत नानांच्या घरी गेलो. पाच वर्षं मी हे टाळलं होतं. मंजुळाबाईने ओळखलं, पाणी दिलं, चहा टाकला. नाना ओट्यावर बसलेले, पाठ थोडी वाकलेली. उठून उभे राहिले, हात जोडले. म्हणाले, "या साहेब, बसा. प्रवास नीट झाला ना? आपण कसे काय येणं केलंत?"

मी इकडचं तिकडचं बोललो. ते प्रत्येक प्रश्नाला व्यवस्थित उत्तर देत होते. पाऊस बरा झाला. मुलगी दिली. तब्येत ठीक आहे. वीस वर्षांत या माणसाच्या तोंडून मी माझ्याशी एक वाक्य असं मराठीत ऐकलं नव्हतं. शेवटी मीच आईच्या भाषेत म्हणालो, "नाना, मनी चूक व्हयनी. मनासंगे असं का बोली राहिनात?"

त्यांनी माझ्या हातातली रिकामी बशी घेतली आणि खाली ठेवली. आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "नाही, आपल्याशी मराठीतच बोललेलं बरं. आपल्याला लिहून घ्यायला सोपं जातं."